ऑइलच्या रकान्यातली खूण

मोशीच्या शेडमधली जाड टायरांची चारचाकी, जिच्यावर बसून तुम्ही दोघं सुट्टीत बांधापर्यंत फेऱ्या मारायचात, ती आता चालत नाही. तुमच्या बाबांनी फोनवर "जुनी झाली" एवढंच सांगितलं आहे. ते खरं नाही, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते आहे.

आजोबांनी सगळी नोकरी कंपनीच्या मेंटेनन्समध्ये केली, शेवटची वर्षं चाकणला. निवृत्तीनंतर शेताच्या उरलेल्या तुकड्यावर खत आणि पाइप वाहून न्यायला त्यांनी ही गाडी घेतली आणि शेडच्या भिंतीवर कंपनीसारखी चेकशीट लावली. ती मी इंग्रजीत, पट्टीने रेघा मारून लिहिली होती. टायरची हवा, चेनला ग्रीस, एअर फिल्टर दर रविवारी. ऑइल वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा खंडेनवमीला. कंपनीत त्या दिवशी मशिनं पुसून पूजेला ठेवायचे, ती सवय त्यांनी सोडली नाही.

मी ओळ वाचायची, ते काम करून "ओके" म्हणायचे, मग मी खूण करायची.

"अक्षर झकास आहे हो बाई. कधी ग्रीसलाही हात लावा," ते चिडवायचे.

"मी ऑफिस स्टाफ आहे," मी म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी डांगे चौकातून त्यांना थेरगावचं आपलं घर सापडेना. डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. मग वार गेले, शेजारी गेले, जेवल्याचंही लक्षात राहीना. पण रविवारी रिक्षाने मोशीला गेलो, की पाना हातात घेतल्यावर एक नट इकडचा तिकडे व्हायचा नाही. तिथे तरी ते पूर्ण आहेत, एवढं मी धरून बसले होते.

यंदाच्या खंडेनवमीलाही मी स्टुलावर बसून वाचत होते.

"जुनं ऑइल काढलं?"

"ओके."

"खालचा नट आवळला?"

"ओके."

"नवीन ऑइल भरलं?"

"ओके."

मी खूण केली. मान वर केली असती, तर बाकाखाली सील न फोडलेला डबा दिसला असता. मान वर केली नाही, ती चुकून नव्हे. त्यांचं काम तपासायला लागले, तर धरून ठेवलेलं तेही सुटेल, अशी मला भीती वाटत होती.

पूजा झाली. झेंडूचा हार घातलेली गाडी घेऊन ते बांधाकडे निघाले. परतताना इंजिनातून खडखड ऐकू आली, मग गाडी जागीच थांबली. मी पोचले तोवर त्यांनी ऑइल मोजायची कांडी काढून रुमालावर पुसली होती. रुमालावर नुसता एक काळा ओरखडा होता.

"ऑइलच नाहीये हिच्यात," ते म्हणाले. आवाज अगदी पूर्वीचा, कामगार उठून उभे राहायचे तसा. "कोणी केलं हे काम?"

"मी."

"तू? आणि खूण?"

"तीही मीच केली."

"शिकलेली ना तू? बघितल्याशिवाय खूण करतेस? चाकणला असतीस तर त्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं तुला!"

"चुकलं माझं."

मला रडू आवरेना. त्यांना वाटलं, आपण फार बोललो. "बरं, बरं. पुसून टाक डोळे. होतं नवीन माणसाकडून," ते म्हणाले.

गावातला मेकॅनिक येऊन बघून गेला. "आजी, इंजिन पार जाम झालंय. आता काय उपेग न्हाई."

त्यानंतर आम्ही मोशीला गेलेलो नाही.

तुम्ही याल तेव्हा ते तुम्हाला ओळखतील की नाही, मला सांगता येत नाही. पण आजीने ऑइल न भरता खूण केली, हे मात्र ते येईल त्याला सांगतात. तुम्हालाही सांगतील. तेव्हा त्यांना दुरुस्त करू नका. त्यांच्याच बाजूने बोला, आणि मला थोडं रागवा.