आप्पांच्या आमटीतला भाजलेला लसूण

मंडळी, दुपारपासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय.

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, बीपी वाढल्याने संगमनेरच्या दवाखान्यात होते. परवा घरी आले. डॉक्टरांनी बजावलंय, मीठ अगदी नावाला. काल त्यांनी दोन घासांत ताट सरकवलं.

म्हणून आज मी लसणाचे अख्खे गड्डे तेल लावून मंद आचेवर भाजले. आतला मऊ गर आमटीत घोटला. ताटात मिठाच्या जागीही तोच वाढला.

आप्पांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. भाकरी आमटीत कुस्करली. आणि चक्क दुसऱ्यांदा आमटी मागितली! मला रडूच आलं.

मग मी जेवायला बसले. पहिल्याच घासाला कळलं, आमटीत नेहमीएवढं मीठ होतं.

सासूबाई ताटातून मान वर करेनात. "आळणी त्यान्ला जात न्हाई गं. आजबी उपाशी उठले असते तर?"

मी मिठाची बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. चुकलं का माझं?

आता पुन्हा लसूण भाजतेय. आप्पांना माझा लसूण आवडला की सासूबाईंचं मीठ, ते रात्रीच्या ताटावर कळेल.