गाळ काढायला गेलो तेव्हा

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात नेतृत्वाचे धडे देणारे एक सर होते. मला ते पहिल्यापासून आवडत नव्हते, आणि त्यांना मी. तरी वर्गाने निवडून दिलं म्हणून गटप्रमुख मीच झाले.

पूर ओसरल्यावर सर आम्हाला कृष्णाकाठच्या एका गावात घेऊन गेले. "सेवेतूनच नेता घडतो," असं त्यांनी गाडीत दोनदा बजावलं.

पहिल्याच घराच्या उंबऱ्यात एक म्हातारी ठाण मांडून बसली होती. मागे घरभर काळा गाळ, त्याला कुजका वास. सरांनी आधी बॅनर उलगडायला लावला.

"फोटू काढाय आलाय व्हय?" म्हातारी म्हणाली. "कालबी एक टोळकं आलतं. माझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, फोटू काढला आन् गेलं. आत पाऊल न्हाई टाकलं कुणी."

"आजी, मुलं शिकायला आलीत. जरा सहकार्य करा."

"मग तुमच्या घरात शिकवा की. माझंच घर घावलं?"

सर हसले. मला म्हणाले, "तू आजींच्या शेजारी बस. हात हातात घे."

मी जागची हलले नाही. "सर, आधी काम करू. फोटो नकोच."

"गटप्रमुखाने शिस्त पाळायची असते."

"मग दुसरा कुणी गटप्रमुख करा."

त्यांनी तिथल्या तिथे एका मुलाला नेमलं. तो मलकापूरचा, एरवी तोंडातून शब्द न काढणारा. त्याने बॅनर गुंडाळला, गाडीत टाकला आणि खोरं घेऊन परत आला. सरांचा चेहरा उतरला. ते जाऊन गाडीत बसले ते संध्याकाळपर्यंत उतरले नाहीत.

म्हातारी उंबऱ्यातून बाजूला झाली, पण नरमली नाही. घमेलं आपटलं की ओरडायची. तिचं लोखंडी कपाट हलवलं तर अंगावर आली. मलाही राग येत होता. तिचा, सरांचा, नखात शिरलेल्या त्या चिखलाचा. आम्ही निघताना तिने मला विचारलं, "उद्या येणार हाय का न्हाई? येणार नसशील तर आत्ताच सांग. वाट बघाय लावू नगंस."

दुसऱ्या दिवशी सरांनी गाडी दिली नाही. आम्ही सहा-सातजण एसटीने गेलो.

म्हातारी दारातच उभी होती. "लय उशीर केला," एवढंच म्हणाली आणि आत वळली. आम्ही चपला काढून तिच्या मागे गेलो.