तीन ओळींची साखर

मित्रांनो, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाही.

मी वडीगोद्रीत इंग्रजी शिकवतो. माझी जुनी विद्यार्थिनी मनीषा, तिची आई आज मोबाईल घेऊन शाळेत आली. मनीषाच्या नोकरीबद्दल पुण्याहून मेल आलाय.

"सर, पोरीनं पयली ओळ वाचून दाखवली. मुलाखत लई आवडली म्हने. म्या लगेच वस्तीत साखर वाटून आले. येऊन पाह्यलं तं पोरगी गप. दोन दिस झाले, जेवून न्हाई राह्यली. नजर लागली वाटतं. मीठ-मिरच्या बी उतरवल्या."

मी मेल वाचला. तीन ओळी नुसतं कौतुक. चौथी 'हाउएव्हर'नं सुरू झाली आणि निवड झाली नाही म्हणून संपली.

हा शब्द तिला मीच शिकवलाय. फळ्यावर लिहून म्हणालो होतो, "हा दिसला की आधीचं गोड विसरायचं, खरं ते पुढं असतं." वर्गात सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं.

"चांगलंच लिव्हलंय ना, सर?"

मी तीन ओळी मराठीत सांगितल्या आणि थांबलो. त्यांनी हसून पिशवीतून कागदाची पुडी काढली. माझ्या वाटणीची साखर.

ती पुडी अजून खिशात आहे. तुम्ही असता तर चौथी ओळ सांगितली असती का?