जुन्या सर्व्हरवरचं बाबांचं गाऱ्हाणं

लालबाग-परळच्या मंडळींनो, आपल्या मंडळांत नवी कमिटी आली की आधीची वेबसाइट मोडते आणि स्वतःची नवी बांधते. हे आपण सगळेच मुकाट बघत आलोय.

आज दुपारी आमच्या सेक्रेटरीने, नंदूने, मला नवी वेबसाइट दाखवली. "काका, एकदम लेटेस्ट टेक्नॉलॉजी! बघा कशी झटक्यात उघडते."

"छान. आता बाबांचं गाऱ्हाणं लाव."

माझे गिरणी कामगार बाबा दरवर्षी बाप्पापुढे मालवणीत गाऱ्हाणं घालायचे, सगळ्यांसाठी मागणं मागायचे. त्यांच्या आवाजाचं ते एकच रेकॉर्डिंग मंडळाच्या साइटवर होतं. बाबा गेल्यापासून मी ते तिथेच जाऊन ऐकायचो.

नंदू चाचरला. "ते जुन्या सर्व्हरवर होतं, काका. त्याची देखभाल करणार कोण? बंद केला."

"आणि कॉपी?"

"काढायची राहिली ओ."

"अरे, मांडव उतरवताना झुंबरसुद्धा कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवता. आणि माणसाचा आवाज भंगारात?"

टेक्नॉलॉजी हवी ती निवडा, माझी ना नाही. पण ती सांभाळणारा माणूस आधी नेमा. बाबांचे शब्द मला पाठ आहेत. 'बा देवा म्हाराजा' म्हणताना त्यांचा आवाज किंचित घोगरा व्हायचा. तो मात्र दुपारपासून आठवून पाहतोय, कानात येतच नाही.

तुमच्यापैकी कुणी ते रेकॉर्डिंग फोनमध्ये उतरवून घेतलं होतं का? कपाटातला जुना फोन काढा, चार्ज करा, आणि सापडलं तर आजच मला पाठवा.