पहिली मासोळी तळ्याला

सिंदेवाहीकडच्या डोमा मारबतेची सगळी हयात तळ्यात जाळी टाकण्यात गेली, आणि छप्पन्नाव्या वर्षी हा गडी मोबाइलवरच्या खेळात बंदूक चालवायला शिकला. गावानं हसायचं तेवढं हसून घेतलं. "डोमाभाऊ, आज किती राक्षस मारले?" असं कुणीही विचारी. त्याला एकही मारता येत नव्हता, आणि मारायला तो जातही नव्हता.

तो जाई पोराला बघायला. होळीच्या सुमारास विक्कीशी भांडण झालं होतं. बावीस वर्षांचं पोरगं, तळ्यातल्या डोंग्यात बसूनसुद्धा त्या खेळात मुंडी घालून. डोमाचं टाळकं सरकलं. "दिवसभर माणसंच मारून राह्यला, तं मासोळ्या कोन मारंन?" म्हणत त्यानं मोबाइल हिसकला आणि तळ्यात भिरकावला. विक्की सकाळच्या बसनं गेला तो गेलाच. नंबर बंद, पत्ता नाही. आई रडून अर्धी झाली. डोमा रडला नाही, पण तळ्याच्या त्या कोपऱ्यात त्यानं पुन्हा जाळं टाकलं नाही.

दिवाळीनंतर तोच खेळ खेळणारी भाची दीपिका म्हणाली, "मामा, विक्कीदादा बरा हाये. रोज दुपारी खेळात त्याच्या नावाम्होरं हिरवा दिवा लागते."

तिनंच समजावलं. मूळ खेळ अंतराळातल्या जहाजांच्या लढाईचा, त्यातून हा वेगळा निघालेला. जहाजं निघून गेली, परक्या ग्रहावर मागे राहिलेल्यांनी आता कसंबसं जगायचं. जो तो आपलं काम निवडतो, कुणी बंदूकवाला, कुणी मिस्त्री, कुणी वैद्य. दीपिकानं मामाला खोट्या नावानं विक्कीच्या टोळीत घुसवलं आणि बजावलं, "वळख देऊ नका. वळखलं तं पयून जाईन."

पहिल्याच दिवशी डोमा गोळी लागून पडला. तेवढ्यात एक शिपाई धावत आला, गुडघे टेकले, औषध देऊन त्याला उठवलं. डोक्यावर नाव होतं विक्की. पोरगा वैद्य होता. गोळ्या चालल्या असताना तो फक्त पडलेल्यांना उचलत फिरत होता.

"हे त्यानं मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी कधी इचारलं, मामा?"

डोमाला फार लाज वाटली. मग तो रोज दुपारी जाऊ लागला. पोराच्या मागं मागं हिंडायचं, पडायचं, त्याच्या हातून उठायचं. एवढ्यावर त्याचा दिवस जाई.

एकदा खेळातल्या तळ्याकाठी त्याला औषधाची पेटी सापडली. स्वतःच्या हातानं मिळवलेली पहिलीच. मारबत्यांच्या घरची रीत, जाळ्यातली पहिली मासोळी परत तळ्याला द्यायची. डोमानं विचारसुद्धा केला नाही. पेटी पाण्याशी ठेवली आणि दोन पावलं मागं सरला.

विक्कीचा शिपाई जागच्या जागी थांबला. खाली अक्षरं उमटली: "बाबा?"

डोमा बोटानं अक्षरं शोधू लागला. दीपिका कॉलेजात गेली होती. त्याला नुसतं 'हो' लिहायचं होतं, पण 'ह' सापडता सापडेना. विक्की थोडा वेळ उभा राहिला. मग पाण्याशी गेला, आपल्याजवळची पेटी बापाच्या पेटीशेजारी ठेवली, आणि हिरवा दिवा विझला.

त्याला महिना झाला. दिवा पुन्हा लागलेला नाही. विक्कीची ती पेटी डोमानं उचलून जवळ ठेवली आहे, वापरलेली नाही. रोज दुपारी तो त्या तळ्याशी जाऊन उभा राहतो. कुणीतरी येऊन त्याला गोळी घालतं, आणि उठवायला कुणी येत नाही.