अक्कांचा थंड पाट

नानांचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. चहाचा कप असो की माझ्या मुलाचं तापलेलं कपाळ, ते उलटा हात टेकवायचे आणि आकडा सांगायचे. आकडा हमखास चुकायचा, पण नाना तो मागे घेत नसत. मूळचे धुळ्याकडचे, भुसावळच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन ते मेहरूणला आमच्या शेजारी आले आणि आमच्या घरातली एकही इस्त्री त्यांच्या तावडीतून सुटली नाही.

त्यांच्या पत्नीला, अक्कांना, जुना मधुमेह. "मना पाय बठ्ठा जळतस," म्हणत त्या उन्हाळाभर तापलेल्या फरशीवरून गार फरशीवर सरकत बसायच्या. डॉक्टरांनी बर्फाला मनाई केली, तेव्हा नानांनी पाट करायला घेतला. बिस्किटाएवढ्या चपट्या चकत्या. वीज सोडली की त्यांची एक बाजू गार, दुसरी गरम. वर पाय ठेवायला पत्रा, खाली गरमी बाहेर टाकायला पंखे. वीज उलटी फिरवली की वरचीच बाजू तापते, म्हणून हिवाळ्यासाठी वेगळं बटण.

"थंडी बनत नही, भाऊ," पत्र्यावरून खालच्या पंख्यांकडे बोट नेत ते मला समजवायचे. "आठेनी गरमी तठे जास, बस."

जानेवारीत पत्र्यावर दव जमलं. नानांनी सगळ्या गल्लीला बोलावून हात लावायला लावला. मे महिन्यात मात्र खालची हवाच इतकी तापली की गरमीला जायला जागा उरेना. ती पुन्हा वर यायची. नाना पंखे वाढवत राहिले. "आता पाटाला चाकं लावा आणि तोरणमाळच्या थंड हवेत न्या," मी चिडवलं. ते हसले नाहीत. रोज दुपारी विचारायचे, "थंड शे का?"

"नही," अक्का म्हणायच्या. मन राखण्यासाठी खोटं बोलणं त्या बाईला कधी जमलंच नाही.

पुढच्याच उन्हाळ्यात अक्कांची किडनी गेली. दवाखान्याने घरी न्यायला सांगितलं. भर दुपारी, कूलर गरम वारा फेकत असताना, नानांनी त्यांच्या पावलांना उलटा हात लावला. आकडा सांगितला नाही. "थंडा पडी ग्यात," एवढंच म्हणाले आणि आतून पाट घेऊन आले. हिवाळ्याचं बटण दाबलं. पत्रा लगेच तापला.

"बरं वाटस का?"

"वाटस," अक्का म्हणाल्या.

मी अक्कांच्या उशाशी उभा होतो. नाना पावलांवर हात टेकवून बसून राहिले. पावलं उबदार होती. त्यामुळे अक्का गेल्याचं त्यांच्या हाताला कळलंच नाही. ते त्यांना मलाच सांगावं लागलं.