मिसरीपुरतं बसणं

आईच्या खालच्या ओठाच्या आतला पांढरा डाग पहिल्यांदा दिसला तो शेजारच्या खालाला. दोघी आमच्या मागच्या पायरीवर मिसरी लावत बसल्या होत्या. खाला बोलता बोलता थांबली, आईची हनुवटी धरून तिनं तोंड उजेडाकडं वळवलं आणि मला हाक मारली.

"ए शिकलेली, इकडं ये जरा. तुझ्या आईला हे काय आलंय बघ."

दुधाची साय चिकटून राहावी तसा डाग होता. मी ओल्या फडक्यानं पुसून पाहिला. निघाला नाही.

आमचं गाव लोहारा तालुक्यात आहे. दातांचे चांगले डॉक्टर उमरग्याला. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही दोघी तिकडं गेलो. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं.

"मिसरी किती वर्षं लावता?"

"लगीन झाल्यापासनं."

"दिवसातून किती वेळा?"

"सकाळी. दुपारचं जेवण झाल्यावर. दिवेलागणीच्या आधी. आन् मधनंच जीव घाबरा झाला तर."

"आजपासून बंद. डाग कधीकधी आपोआप जातो. महिन्यानं दाखवा. राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

कसली तपासणी, ते आईनं विचारलं नाही. परतीच्या जीपमध्ये मात्र ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आपल्या गल्लीतली ती कापडाचं तुकडं इकणारी आजी तोंडाच्या गाठीनं गेली, तिचंबी असंच सुरू झालं व्हतं न्हवं?"

"नाही, तिचं वेगळं होतं," मी म्हणाले. वेगळं नव्हतं.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटावर घ्यायची, दातांवर आणि हिरड्यांवर चोळत बसायचं, काळी थुंकी टाकायची, चूळ भरायची. आमच्याकडच्या कितीतरी बायका हे करतात आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत. दात घासणं म्हणतात.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लोहाऱ्यात छपाईचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं तत्त्वासाठी, असं ते सांगतात. हुंडा, पाणी, मजुरी, शाळेची गळकी खोली, व्यसनमुक्ती, सगळ्यावर त्यांनी पत्रकं काढली. कुणी पैसे दिले तर घेतले, नाही दिले तर मागितले नाहीत. उरलेली पत्रकं घरातल्या फळ्यांवर अंथरलेली असत. लहानपणी मी डाळीचा डबा उचलला की खाली 'जागे व्हा!' असायचं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि भांडायलाही. अजून माझं लिखाण वाचून संपादक म्हणतात, जरा आवाज कमी करा. का कमी करायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

पण अप्पांच्या व्यसनमुक्तीच्या पत्रकांत मिसरी कधीच नव्हती. दारू होती, गुटखा होता, बिडी होती. मिसरी लावून कुणी बायकोला मारत नाही, गटारात पडत नाही, शेत विकत नाही. घराला ज्याचा त्रास होत नाही ते व्यसन पत्रकात कशाला येईल?

उमरग्याहून आलो त्याच संध्याकाळी आईनं मिसरीची डबी खालाकडं देऊन टाकली. खालानं स्वतःची आणि आईची, दोन्ही डब्या उकिरड्यावर रिकाम्या केल्या. "तुझा डाग बघून मलाच रातभर झोप न्हाई. पन माझं काय खरं न्हाई बग," असं प्रामाणिकपणे सांगूनही टाकलं. तिची आठवडाभरात पुन्हा सुरू झाली. आईची नाही झाली.

ते दिवस फार वाईट गेले. आईचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही. भाकरी करपली म्हणून ती चुलीसमोर बसून रडली. मी तिला कधी भाकरीसाठी रडताना पाहिलं नव्हतं. जीव शांत करायला काहीतरी दुसरं द्यायला हवं, एवढं मला कळत होतं. धाराशिवला कॉलेजात असताना आमचं ताणमुक्तीचं शिबिर झालं होतं. दीर्घ श्वास, चालणं, संगीत, छंद. मी तेच घरी आणलं.

"डोळे मिट. श्वास आत घे. सावकाश सोड. मनात काही आणू नको."

आईनं डोळे मिटले. "दूध वर आलं," ती म्हणाली आणि उठली. दूध खरंच वर आलं होतं.

मग चालणं. संध्याकाळी मी तिला रस्त्यानं घेऊन निघाले. पहिल्याच वळणावर पाराजवळच्या माणसानं विचारलं, "कुठं निघालाव, वैनी?" आई गोंधळली. पुढं दळणाच्या गिरणीपाशी एका बाईनं तेच विचारलं, "काय गं, कुनीकडं? कुनी आजारी हाय का?" आमच्या गावात बाई कशासाठी तरी चालते. शेवटी आईनं सांगून टाकलं, "मळ्यात निघालेव, मेथी आणाया." सांगितलं म्हणून आणावी लागली. आणली म्हणून निवडावी लागली. रात्री जुड्या सोडताना ती म्हणाली, "लई आराम झाला बघ मला आज."

गाणी लावून मी मोबाईलचा हेडफोन तिच्या कानात घातला. जरा वेळानं पाहिलं तर एक कान मोकळा होता.

"दोन्ही घाल की."

"आन् कुणी हाक मारली तर?"

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मी मागच्या दारात आले आणि पाहिलं. आई पायरीवर बसली होती, पाठ घराकडं, मान थोडी कलती, आणि पहिलं बोट तोंडात.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यातलं बरंचसं मी कधीतरी फळीवरच्या कागदावर वाचलेलं होतं. आईनं शांतपणे बोट बाहेर काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"वास घे."

कांद्याचा वास होता. आणखी काही नाही.

"मग बोट कशाला घालून बसलीस?"

"हळू बोल. बोट तोंडात असलं की कुणी काम सांगत न्हाय. तुझे अप्पा दारापतुर येत्यात, बघत्यात, 'लावतीय का' म्हणत्यात आन् माघारी जात्यात. तुझा भाऊबी तसाच." तिनं बोट पदराला पुसलं. "माझ्या माहेरी ह्याला सुम्मने बसणं म्हणत्यात. नुसतं बसणं. कशासाठीबी न्हाय." तिचं माहेर हद्दीपलीकडचं, कर्नाटकातलं. कधी नव्हे ती तिकडचा शब्द वापरत होती.

मी तिच्या शेजारी बसले. त्यानंतर आठवडाभर मी घराकडं नुसती बघत राहिले. अप्पा दुकानातून आले की बाजेवर आडवे होत आणि पेपर उघडत. भाऊ भिंतीला टेकून मोबाईल बघे. मी पुस्तक घेई. आम्हा तिघांना टेकायला कारण लागत नव्हतं. आई टेकलेली दिसली की तिघांनाही काहीतरी काम आठवे. फक्त मिसरी लावताना तिचं तोंड भरलेलं असे, बोट काळं असे, ती 'हं' सुद्धा म्हणू शकत नसे, आणि घर तेवढा वेळ तिला सोडून देत असे. मी तंबाखू सोडवायला निघाले होते. तिच्या दिवसातला बसण्याचा सगळा वेळ त्या तंबाखूवर उभा होता.

ते गुपित फोडलं खालानं, तेही कौतुकानं. भिंतीवरून अप्पांना म्हणाली, "दादा, तुमची मालकीन लई लबाड हाय बरं का! रिकामं बोट चोखत बसती, आन् तुमी फसताव!"

अप्पा खूप हसले. त्यांना खरंच अभिमान वाटला. त्या आठवड्यात धाराशिवहून त्यांचे दोन जुने कार्यकर्ते मित्र आले होते. त्यांना अप्पा म्हणाले, "आधी घर, मग गाव. आमच्या घरातली मिसरी गेली. निर्धार बघा, बोट तोंडात, पण रिकामं!" मित्रांनी आईला नमस्कार केला. एकानं तर, वहिनींचा अनुभव पत्रकात घ्यायला पाहिजे, असं सुचवलं.

त्याच दुपारी आई पायरीवर बसली तशी मधल्या खोलीतून हाक आली, "अगं, नुसतीच बसलीयस ना? पाहुण्यांना चहा टाक."

दुसऱ्या दिवशी भाऊ शर्ट घेऊन आला. "आई, लावत न्हाईस न्हवं? मग हे बटण तेवढं."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तंबाखू भाजल्याचा वास आला. तो लपत नाही. घसा धरतो, डोळ्यांत पाणी आणतो. आई भर दुपारी, सगळे घरात असताना, तव्यावर पानं भाजत होती. अप्पा खोकत बाहेर आले.

"हे काय चालवलंयस? सगळ्यांना सांगून बसलो मी!"

"तुमी सांगितलं," आई म्हणाली. "म्या न्हाय."

संध्याकाळी मी अप्पांशी भांडले. "ती बसलेली असताना हाक मारायची नाही. एवढंच."

"हाक मारणं म्हणजे काय जुलूम आहे का? घर आहे. एकमेकांशी बोलायचं नाही का?"

"मजुराला दुपारची सुट्टी मिळालीच पाहिजे, हे कुणी छापलं?"

"तुझी आई मजूर आहे का?"

"नाही. मजूर संध्याकाळी घरी जातो."

अप्पा चिडतील असं वाटलं होतं. ते चष्मा काढून पुसत राहिले, आणि ते मला चिडण्यापेक्षा जड गेलं. या माणसानंच मला बोलायला शिकवलं होतं. पण बदललं काही नाही. दुसऱ्या दिवशीही चहाची हाक आली. आईनं काळं बोट वर करून दाखवलं आणि हाक माघारी गेली.

महिना भरला. उमरग्याला अप्पांना छपाईचा कागद घ्यायचा होता म्हणून तेही आमच्याबरोबर आले आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसले.

"बंद केली?" डॉक्टरांनी विचारलं.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच 'तू सांग' म्हटलं. तोंड तिचं होतं.

"केली व्हती," ती म्हणाली.

"मग?"

"मग बसाया मिळंना."

डॉक्टरांना कळलं नाही. मी थोडक्यात सांगितलं. दाराबाहेर रांग होती, तरी ते हातातली बॅटरी चालू-बंद करत क्षणभर थांबले. "घरातलं आणखी कोण आलंय?"

मी अप्पांना आत बोलावलं. डॉक्टरांनी बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि आईचा ओठ खाली ओढून धरला. "बघा."

अप्पा वाकले. छापलेल्या पानातला निसटलेला अनुस्वारही ते लांबून ओळखतात. आता त्यांच्या हातातला उजेड आईच्या दातांवर, जिभेवर, गालावर नुसता हलत होता.

"हा पांढरा," डॉक्टर म्हणाले. "आणि हा काठ दिसतो का, तांबडा? मागच्या वेळी हा नव्हता."

अप्पा बघत राहिले. आई उघड्या तोंडानं काहीतरी म्हणाली, कुणालाच कळलं नाही. ओठ सुटल्यावर तिनं पुन्हा सांगितलं, "म्हणलं, किती बघताव? जबडा दुखाया लागला."

तुकडा तिथंच, त्याच दिवशी काढायचं ठरलं. तो सोलापूरला जाणार होता. डॉक्टर सूचना देऊ लागले: तिखट नको, गरम नको, बोलणं कमी, काम कमी, आराम.

"आराम म्हणताव ते कागदावर लिवा," आई म्हणाली.

डॉक्टर हसले. अप्पा हसले नाहीत. कागदावर औषधांच्या खाली 'आराम' असं लिहिलं गेलं, आणि तो कागद अप्पांनी घडी घालून खिशात ठेवला.

रिपोर्ट अजून आलेला नाही. फोन वाजला की आम्ही सगळेच दचकतो, आई सोडून. ती म्हणते, यायचं ते येईल. पण जीभ सारखी टाक्याशी जाते तिची, मला दिसतं.

आज दुपारी ती मागच्या पायरीवर बसली आहे. तोंडात बोट नाही, हात मांडीवर. मधल्या खोलीतून अप्पांनी हाक मारली, "अगं..." आणि थांबले. जरा वेळानं स्वयंपाकघरात पावलं वाजली. एक डबा उघडला, झाकण खाली पडून गोल फिरत राहिलं. दुसरा उघडला.

"चहा पावडर कुठं असते?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते स्पष्ट नव्हतं.

मला माहीत होतं. मी उत्तर दिलं नाही. तिसरा डबा वाजला तशी आईची पाठ ताठ झाली. तिनं दोन्ही हात पायरीच्या कडेवर टेकवले, उठणारा माणूस टेकवतो तसे.

ती उठली नाही. हातही तिनं तिथून काढले नाहीत.